गुलाबाच्या फुलाची हमाली

फोटोला वजन नसते असे मानणाऱ्या लोकांशी माझे भांडण आहे. ते जुने आहे आणि मिटण्याची चिन्हे नाहीत. ही माणसे एरवी मोठी व्यवहारी असतात. इतवारीत पावशेर धने घेताना तराजूच्या काट्यावर अशी नजर रोखतील, की दुकानदार बिचारा श्वाससुद्धा जपून सोडतो. रद्दीवाला आला की त्याच्या काट्याखाली चुंबक नाही ना, हे वाकून पाहतील. पण हीच माणसे पहाटे साडेपाचला उठून, दात घासायच्या आधी, दवबिंदू लागलेला गुलाब, त्याच्यामागे उगवता सूर्य, सूर्यापुढे वाफाळता चहा आणि या सगळ्यावर आडवे ‘सुप्रभात’ असे चित्र शंभर-सव्वाशे लोकांना पाठवून देतात. आणि वर म्हणतात, ‘त्यात काय भाऊ, फोटोच तं आहे!’

‘फोटोच तं आहे’ हे वाक्य ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली. ज्याला लेखाशीर्ष नाही असा खर्च आम्ही कधी मंजूर केला नाही आणि ज्याला खर्च नाही अशी वस्तू पाहिली नाही. तेव्हा ज्याअर्थी दर महिन्याच्या पाच तारखेला मला या गुलाबांचे बिल येते, त्याअर्थी गुलाबाला वजन आहे. आणि ज्याअर्थी वजन आहे, त्याअर्थी त्याची हमाली कोणीतरी देतो आहे. तो कोणीतरी कोण, एवढाच काय तो या लेखाचा विषय.

हे खूळ माझ्या एकट्याच्या डोक्यातले आहे असे समजू नका. २०१८च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने, म्हणजे जे दैनिक एरवी शेअरबाजाराखाली उतरत नाही त्याने, आपल्या सुप्रभातावर बातमी छापली होती. भारतातले फोन असे वारंवार का तुंबतात, याचा गूगलच्या माणसांनी शोध घेतला, तेव्हा नळीत अडकलेले निघाले ते हेच: गुलाब, सूर्य, चहा. त्याच बातमीत एका डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा आकडा होता, की भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाच्या फोनातली जागा रोज संपते. अमेरिकेत हे प्रमाण दहांत एक. गूगलने शेवटी आपल्या ‘फाइल्स गो’ या ॲपमध्ये असली चित्रे हुडकून काढायची खास सोय केली. जगातली हुशार डोकी एकत्र बसून आमच्या काकांचा गुलाब कसा ओळखावा हे यंत्राला शिकवत होती. याला म्हणतात देशाची मान उंचावणे!

आता हे बिल मला का येते ते सांगतो. २०१९च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरचे खाते बंद झाले आणि त्या रागापायी आपल्याकडची बरीच मंडळी ‘मॅस्टोडॉन’ नावाच्या ठिकाणी जाऊन बसली. पुढे २०२२च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी ट्विटरच विकत घेतले, तेव्हा जगभरातून दुसरी लाट आली. मॅस्टोडॉन ही ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ साली सुरू केलेली चीज. हिची गंमत अशी, की हिला एक मालक नाही. ज्याला हवे त्याने आपल्या सर्व्हरवर ती बसवावी, आपली चार माणसे आत घ्यावीत, आणि असे हजारो सर्व्हर आपापसात पत्रे पाठवल्यासारखे बोलत राहतात. जाहिरात नाही, कोणी आपल्या खाजगी गोष्टी विकत नाही, आणि आपल्याला काय दाखवायचे हे कॅलिफोर्नियातला कोणी ठरवत नाही.

अंबाझरीच्या काठाने सकाळी फिरणारे आम्ही साठेक जण. आमच्या गप्पांना तलावाचा काठ पुरेना, म्हणून माझ्या भाच्याने आम्हाला अशी एक साइट थाटून दिली आणि नोकरी लागल्यावर तो पुण्याला निघून गेला. किल्ल्या माझ्याकडे राहिल्या. जाता जाता त्याने सांगितले, की मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीसारखा एक प्राणी, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला. प्राणी नामशेष झाला हे खरे असेल, पण त्याचा खुराक नामशेष झालेला नाही, हे मला पहिल्या तीन महिन्यांत कळले. आणि हा हत्ती धान्य खात नाही, चित्रे खातो. साठ माणसे वर्षभर अखंड लिहीत राहिली तरी तो सगळा मजकूर एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर मावेल. आमच्या म्हाताऱ्यांची सगळी मते, सगळी दुखणी, सुनेबद्दलच्या सगळ्या सूचक ओळी धरून!

बहुतेकांना वाटते की साइटवर आपण टाकलेल्या चित्रांनी जागा भरते. साफ चूक. दिवाळीचा फराळ आठवा. आपल्या घरी लाडू होतात शंभर, ते आपल्या डब्यांत मावतात. पण लेआउटमधल्या पंधरा घरांतून पंधरा ताटे येतात आणि चौथ्या दिवशी घरातला यच्चयावत डबा, कढई आणि कुकर परक्यांच्या चकल्यांनी भरलेला असतो. मॅस्टोडॉनचे नेमके हेच. आमच्यातल्या एका पक्षिप्रेमी गृहस्थांनी बेल्जमच्या एका पक्षिप्रेमी बाईंना ‘फॉलो’ केले. त्या क्षणापासून बाईंनी टिपलेल्या प्रत्येक पाखराची प्रत आमच्या सर्व्हरवर येऊन पडू लागली. एक मोठी, एक छोटी. शिवाय बाईंचा चेहरा, त्यांच्या पानाच्या माथ्यावरचे आडवे चित्र, त्यांनी एखाद्या बातमीचा दुवा दिला तर त्या बातमीवरचे चित्र. बाईंनी दुसऱ्याची पोस्ट पुढे ढकलली, की त्या दुसऱ्याचाही सगळा संसार. आमच्या गृहस्थांनी त्यातले निम्मे पाहिलेही नसते, कारण त्यांना मोतीबिंदू आहे.

या प्रती ठेवायच्याच कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही रास्त आहे. प्रत ठेवली नाही, तर आमच्याकडचा प्रत्येक वाचक चित्र पाहायला थेट बाईंच्या सर्व्हरवर जाऊन धडकेल. एखादे पाखरू लोकांना फार आवडले, तर बाईंचा छोटा सर्व्हर त्या गर्दीने आडवा होईल. शिवाय कोण, कुठून, कधी पाहायला आला याची नोंदही तिकडे होत राहील. प्रत ठेवणे हा शेजारधर्म आहे आणि वाचकाचा पडदाही आहे. तेव्हा चकली परत पाठवा असे मी म्हणत नाही. चकली घ्यावी, खावी. पण पुढच्या दिवाळीपर्यंत ती डब्यात ठेवावी काय, एवढेच विचारतो.

या तात्पुरत्या साठ्याला इंग्रजीत ‘कॅश’ म्हणतात. रोख रकमेच्या कॅशशी याचा संबंध इतकाच, की ही वाढली की ती जाते.

कागद-पेन्सिल घ्या, मी हिशेबच मांडतो. धरा, साठ सभासद मिळून जगातल्या पाच हजार लोकांना फॉलो करतात. प्रत्येक जण दिवसाला एक चित्र टाकतो आणि मोठी-छोटी प्रत मिळून ते अर्ध्या एमबीत बसते. म्हणजे रोज अडीच जीबी. वर्षाला नऊशे बारा. आता आमचे साठ सभासद रोज एकेक चित्र टाकतात असे धरा. रोज तीस एमबी, वर्षाला अकरा जीबी. म्हणजे अकरा किलो आपला माल सांभाळण्यासाठी आम्ही नऊशे किलो परक्याचा माल पाठीवर घेऊन हिंडणार. पण परक्याचा माल सातव्या दिवशी टाकून दिला, तर कधीही मोजा, तो साडेसतरा जीबीच्या वर जात नाही. नऊशे बारा आणि साडेसतरा! एवढी तफावत दाखवणारी फाइल माझ्या टेबलावर आली असती, तर मी चौकशी लावली असती.

आता भाड्याकडे वळू. हा माल आमच्या घरी नसतो, भाड्याच्या वखारीत असतो. ‘क्लाउड’ हा शब्द ज्याने काढला त्याला नागपूरच्या धान्यबाजारात एक दिवस उभे केले पाहिजे. ढग कसला? वखार आहे ती. आणि वखारीला जे जे लागते ते सगळे इथे लागते. पहिले भाडे. ॲमेझॉनने २००६च्या मार्चमध्ये ही वखार उघडली तेव्हा एका जीबीला महिन्याला पंधरा सेंट पडत; आता त्यांच्या अमेरिकेतल्या दरपत्रकात सव्वादोन-अडीच सेंटच्या मध्ये कुठेतरी आहे. एवढे वाचून लोक खूश होतात आणि तिथेच थांबतात. पुढची ओळ वाचत नाहीत. पुढची ओळ हमालीची. माल आत टाकायला पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत. महिन्याचे पहिले शंभर जीबी सोडले, तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला नऊ सेंटच्या आसपास. म्हणजे गुलाबाला एकदा दारापर्यंत आणायची हमाली त्याच्या चार महिन्यांच्या भाड्याएवढी! त्याच्याखाली तोलाई: दर हजार वेळा माल ठेवला-काढला की त्याचे वेगळे. आमच्या कळमना मार्केटात शेतकऱ्याच्या पट्टीत भाडे, हमाली, तोलाई कशी ओळीने कापतात ते ज्याने पाहिले आहे, त्याला क्लाउडचे बिल समजावून सांगावे लागत नाही.

हमाली न घेणाऱ्या वखारीही आहेत. त्यांच्या पाट्या मोठ्या आणि अटी बारीक अक्षरांत असतात. एकीची अट मी चष्मा लावून वाचली: माल एक दिवस ठेवा की सात दिवस, भाडे नव्वद दिवसांचे, आणि माल मूठभर असला तरी किमान एक हजार जीबीचे पैसे मोजा. सात दिवसांनी माल टाकणाऱ्या माणसाला ही वखार म्हणजे एका रात्रीसाठी तीन महिन्यांची खोली घेणे झाले. ज्यांचा माल बसून राहतो त्यांना ती परवडत असेल. मी वखारवाल्यांना दोष देत नाही. व्यापारी व्यापार करणार. पण बिल वाचल्याशिवाय ‘स्वस्त आहे’ म्हणणाऱ्याला मी दोष देतो.

एका सभासदांनी सुचवले, की घरीच एक मोठी डिस्क घेऊन ठेवा. हे गृहस्थ मे महिन्यात मुलाकडे बंगलोरला असतात. नागपुरात मेमध्ये पारा ४५ अंशांना शिवतो, कूलरच्या टाकीला माणूस दिवसातून दोनदा पाणी घालतो, आणि दुपारी तीनला लाइन जाते. त्या वेळी त्या डिस्कने काय करावे? तिलाही पन्हे पाजावे काय?

माझे खरे विरोधक मात्र दोन, आणि दोघेही माझेच. पहिला माझा भाचा. तो पुण्याहून फोनवर म्हणतो, ‘मामा, स्टोरेज इतकं चीप झालंय, तुम्ही उगाच टेन्शन घेता.’ त्याला मी विचारतो, की स्वस्त झाले ते जागेचे दर, पण माल केवढा झाला? भाव पंधरा सेंट होता त्या काळी फोनमधला कॅमेरा एक-दोन मेगापिक्सेलचा असे. त्यात माणूस आणि मागची भिंत यांतला फरक ओळखला की आपण समाधानी. आता साध्या फोनमध्ये पन्नास मेगापिक्सेल असतात आणि साबुदाण्याच्या खिचडीतला दाणा न् दाणा वेगळा मोजता येतो. भाव एक सप्तमांश झाला आणि माल कितीतरी पटींनी फुगला. याला स्वस्ताई म्हणणे म्हणजे कापड स्वस्त झाले म्हणून हत्तीला लेंगा शिवणे.

दुसरे विरोधक अधिक तगडे. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्या घरात १९७१ पासूनची दुधाची कार्डे जपून ठेवलेली आहेत. मी परक्यांची चित्रे सातव्या दिवशी पुसतो हे कळल्यावर ते घरी आले, पाणी न पिता बसले आणि म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही इतिहास पुसून राहिले. उद्या कोणी बेल्जमच्या पाखरांवर पुस्तक लिहीन, तं त्याले काय सांगता?’

‘त्याला बेल्जमला जायला सांगीन,’ मी म्हणालो.

हे उत्तर उद्धट वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे. परक्याच्या चित्राची आपल्याकडची प्रत पुसली म्हणून मूळ चित्र कुठे जात नाही. ते बाईंच्या सर्व्हरवर जागच्या जागी असते. आमच्याकडच्या कोणी सहा महिन्यांनी जुनी पोस्ट उघडली, तर आमचा सर्व्हर बाईंच्या दारात जाऊन ते पुन्हा घेऊन येतो. दोन क्षण उशीर होतो, एवढेच. बाईंचे दुकानच बंद झाले असेल तर नाही मिळणार, कबूल. पण बेल्जमची पाखरे जतन करणे ही अंबाझरीच्या काठावरच्या पेन्शनरांची जबाबदारी आहे, असे कोणत्या शासन निर्णयात म्हटले आहे? ज्याला एखादे पाखरू फारच आवडले त्याने ते आपल्या फोनात उतरवून घ्यावे. पाहुण्याबद्दल आपल्यात म्हणतात, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आम्ही तर सात दिवस देतो.

आणि पुसणे म्हणजे पाप, हे नागपूरच्या माणसाने बोलावे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे सगळे शहर रस्त्यावर येऊन काय करते? काळी मारबत, पिवळी मारबत, आणि बरोबर त्या-त्या वर्षाच्या उपद्रवांचे बडगे. कारागीर किती दिवस खपून त्या उभ्या करतात, रंगवतात, नटवतात. महालातून, इतवारीतून त्यांची वाजतगाजत मिरवणूक निघते. आणि रोगराई, महागाई सगळी घेऊन जा असे ओरडत शेवटी त्यांना जाळून टाकतात. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. मारबत चांगली झाली आहे, पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू, असे म्हणणारा नागपूरकर अजून जन्माला यायचा आहे. मी गुरुजींना म्हटले, ‘माझ्या सर्व्हरवर दर रात्री दोन वाजता मारबत निघते. ढोल नाही, एवढेच.’

गुरुजी हसले नाहीत. इतिहासाचे शिक्षक सहसा हसत नाहीत. तेव्हा मी त्यांना माझ्या बाजूचे, सरकारी दप्तराचे, शास्त्र सांगितले. सरकारात कागदाचे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा. ‘ड’ वर्ग वर्षभरात नष्ट करायचा. लोकांना वाटते सरकार काहीच फेकत नाही. अहो, सरकारात नष्ट करण्याचीसुद्धा नोंदवही असते! आणि ‘ड’ वेळेवर नष्ट करतात तेव्हाच ‘अ’ सापडतो. ज्या कचेरीत ‘ड’चे गठ्ठे छतापर्यंत गेले, तिथे जमिनीचा उतारा मागायला गेलेल्या माणसाला तीन महिने हेलपाटे पडतात, हे गुरुजींनी स्वतः भोगले आहे. तिथे ते थोडे गप्प झाले.

कारण आमच्याकडे ‘अ’ वर्ग आहे. आमच्यात एक काकू आहेत. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजवर. ती छोटी गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी गार्डसाहेबही गेले. त्यांना फोटोचा नाद होता. इतवारी स्टेशनात उभे असलेले इंजीन, सौंसरच्या फलाटावर चहा घेणारे गँगमन, डब्याच्या दारात बसलेल्या बाया आणि त्यांच्या पाट्या, पुलावरून वाकून काढलेली गाडीची सावली. एका पावसाळ्यात त्या अल्बमला वाळवी लागली. काकूंच्या नातीने उरलेले त्रेचाळीस फोटो रातोरात फोनने टिपून आमच्या साइटवर चढवले. पुढे तो फोन पाण्यात पडला. ते त्रेचाळीस फोटो आता फक्त आमच्याकडे आहेत. रोज संध्याकाळी काकू ते पान उघडतात. मला माहीत आहे, कारण एकदा दुरुस्तीसाठी साइट अर्धा तास बंद होती तेव्हा त्यांचा फोन आला, ‘भाऊ, यांचे फोटो दिसून नाही राहिले. गेले तं नाही ना?’

ते त्रेचाळीस फोटो कुठल्याच दुसऱ्या सर्व्हरवरून पुन्हा आणता येणार नाहीत. ते पुसले की पुसले. ते आमच्या वखारीत आहेत, शिवाय त्यांची एक प्रत दुसऱ्या वखारीत, दुसऱ्या गावी आहे, आणि एक माझ्या कपाटात, लग्नाच्या साड्यांखाली. बेल्जमच्या पाखरांवर जाणारा पैसा मला इथे हवा आहे. माझी सगळी कंजुषी याचसाठी आहे, आणि जो मला ‘एवढा चिंगूसपणा काऊन?’ म्हणतो त्याला मी ती गाडीची सावली दाखवतो.

‘मग ते फोटो एखाद्या मोठ्या फुकटच्या ठिकाणी ठेवा की,’ असे पोह्याच्या ठेल्यावर एकजण म्हणालेच. फुकटच्या ठिकाणांचा इतिहास गुरुजींनी लिहायला हवा. मायबोली, मिसळपाव यांसारख्या मराठी संकेतस्थळांवर जुनी प्रवासवर्णने काढून बघा. बरेच लेखक चित्रे बाहेर कुठल्यातरी फुकट जागी ठेवत आणि इथे नुसता दुवा देत. आज मजकूर म्हणतो, ‘हा पाहा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा,’ आणि खाली असतो एक रिकामा चौकोन. फोटोबकेट नावाच्या फुकट जागेने २०१७च्या जूनअखेर नियम फिरवला, की दुसरीकडे चित्र दाखवायचे तर वर्षाला चारशे डॉलर मोजा; जगभरच्या लाखो पानांवरची चित्रे एका रात्रीत पाटीमागे गेली. गूगल फोटोजने २०१५ साली किंचित दाबलेली चित्रे हवी तेवढी फुकट ठेवतो म्हटले आणि १ जून २०२१ पासून तीही १५ जीबीच्या मापात मोजायला सुरुवात केली. मायस्पेसने तर २०१९मध्ये सरळ सांगून टाकले, की सामान हलवताना जुनी गाणी, जुने फोटो हरवले. बारा वर्षांचा माल! टेम्पोतून गादी पडावी तसा. आपल्या देशी ‘कू’चेही २०२४च्या जुलैत दुकान बंद झाले. या सगळ्यांनी फसवले असे मी म्हणत नाही. भाडे कोणीतरी भरत होता, त्याने एक दिवस भरणे थांबवले. तो कोणीतरी आपण नसलो, की कधी थांबायचे हेही आपल्या हाती नसते.

म्हणून माझे म्हणणे, की भरणारे आपणच असावे. आणि भरायचे असेल तर माल हलका करून भरावा. मॅस्टोडॉन १६ एमबीपर्यंतचे चित्र स्वीकारतो आणि मोठे असेल तर ८ मेगापिक्सेलच्या आसपास आणून ठेवतो. ही त्याची मेहेरबानी. पण खिचडीला आठ मेगापिक्सेल कशाला? तिला एक पुरतो. फोनमध्येच चित्र लहान करून टाकायला दहा सेकंद लागतात. गार्डसाहेबांच्या गाडीला पूर्ण आकार द्या; वडापाव, पायाची सूज आणि नातवाने काढलेला गणपती हे लहान द्या. आणि चित्राखाली वर्णन लिहायची जागा असते, तिथे दोन ओळी लिहा. आमचे मोतीबिंदूवाले गृहस्थ त्या ओळी फोनकडून वाचून घेतात, आणि अख्खी ओळ साठवायला जी जागा लागते तीत गुलाबाची एक पाकळीही मावणार नाही.

वर्गणीचा विषय मी त्याच ठेल्यावर काढला. महिन्याला डोई तीस रुपये. साठ जणांचे अठराशे, आणि बिलही तेवढ्याच घरात. तर्री-पोह्याची एक प्लेट, बस. अशी शांतता पसरली, की कढईतली तर्री उकळलेली ऐकू आली. मग एकेकाला कंठ फुटला. एकजण म्हणाले, ‘मी तं फक्त पाह्यतो, टाकत काहीच नाही.’ त्यांना मी हमालीचा दर सांगितला: टाकणाऱ्यापेक्षा पाहणाराच महाग असतो. दुसरे म्हणाले, जाहिराती घ्या. घेऊ की! उद्या काकू गाडीचे फोटो उघडतील आणि मधोमध गुडघ्याच्या तेलाची बाटली येईल. शिवाय कोण म्हातारा किती वाजता काय पाहतो याची यादी तेलवाल्याला द्यावी लागेल ते वेगळेच. तिसऱ्यांनी तत्त्वाचा मुद्दा काढला, की ज्ञान फुकट असावे. मी म्हटले, असावे. पण तुमच्या सुप्रभातातले ज्ञान मी सहा वर्षे वेचतो आहे, अजून हाती काही लागलेले नाही.

काकू तिथे नव्हत्या. दुसऱ्या दिवशी नातीबरोबर त्यांनी वर्षाचे तीनशे साठ पाठवले, पाकिटात, वर एक रुपया लावून. मग बाकीच्यांनाही हळूहळू खिसे सापडू लागले. गुरुजींनी भरले, पण पावती मागितली. ती ते जपून ठेवणार आहेत. आजवर एकेचाळीस जणांचे आले, एकोणीस जण राहिले. त्यांची नावे मी साइटवर लावलेली नाहीत. लावणारही नाही, पण त्यांना रोज सकाळी साडेपाचला एक साधी ओळ जाते. चित्र नाही, नुसता मजकूर: वर्गणी महिना तीस रुपये, रोख, चेक किंवा यूपीआय चालेल, घरी आल्यास कूलर चालू असतो, बेल ऐकू येत नाही, दार जोरात वाजवावे.